हाकेचं नाव

अकीक्याचा, म्हणजे जावळ काढून नाव ठेवायचा, दिवस उजाडला तरी पोराच्या नावाचा तंटा मिटला नव्हता, आणि मरियमबींना आता त्याचा कंटाळा यायचाही बंद झाला होता. कंटाळा यायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं.

आखातात, खलिफा सिटीतल्या मुश्ताकच्या घरी, खिडकीजवळच्या दिवाणावर त्या सकाळपासून बसून होत्या. एसीने गुडघे आखडले होते. बाहेर विमानं इतकी खालून जात होती की चहाच्या कपातली चमचीसुद्धा किणकिणायची. मुश्ताक, त्यांचा धाकटा मुलगा, पहाटे कत्तलखान्यात जाऊन दोन बोकडांचं मटण घेऊन आला होता आणि आता सोफ्यावर बसल्याबसल्या डुलक्या काढत होता. त्याची बायको खैरून किचनमध्ये सांदणं वाफवत होती. त्या दोघांची लेक सुमैय्या बाळंतपणाच्या सातव्या दिवशीच घरभर वावरत होती, कारण पडून राहिलं की कुणीतरी येऊन नावाबद्दल बोलायचं. तिचा नवरा विमानतळावर इंजिनं दुरुस्त करायचा. रात्रपाळी करून तो तसाच कामाच्या पँटमध्ये खाली गालिच्यावर बसला होता, आणि बाळ त्याच्या आडव्या हातावर पालथंच झोपलं होतं.

हा जावई स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या एका बेटावरचा. नाव कॅलम. निकाहाआधी त्याने कलमा पढला तेव्हा मुश्ताकच्या थोरल्या भावाने, अलीमियाँनेच, त्याचं 'कलीम' केलं होतं. एवढ्याशा फरकाने काम भागलं म्हणून तेव्हा सगळे हसले होते.

या वेळी कुणी हसत नव्हतं. कलीमला मुलाला आपल्या आजोबांचं नाव द्यायचं होतं: हेमिश. अलीमियाँला आपल्या अब्बांचं: याकूब. दोन महिने फोनवर, ग्रुपवर, जेवताना, गाडीत हेच चाललं होतं. अलीमियाँला तीन मुलीच. खानदानात मुश्ताकनंतर जन्मलेला हा पहिला मुलगा, तोही मुलीचा मुलगा, तरी अलीमियाँने त्याच्यावर डोळे लावून ठेवले होते.

मरियमबींना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. अब्बांचं नाव म्हटल्यावर आम्मीला आनंदच होणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

जुम्म्याची नमाज आटोपून अलीमियाँ बर दुबईहून आला. तिथे मीना बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेला, भरदार अंगाचा, पण दारातून आत आला तेव्हा खांदे उतरलेले. त्याने आईचा हात डोळ्यांना लावला, मग गाडीतून एकेक करत मिठाईच्या डब्यांचे गठ्ठे आणून टेबलावर रचले. पांढऱ्या डब्यांवर सोनेरी अक्षरं होती. अरबीतही आणि इंग्रजीतही.

सुमैय्याने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मोठे अब्बा, तुम्ही नाव छापून आणलंत?"

"आणलं. असरच्या नमाजीनंतर न्हावी येणार, जावळ काढणार, नाव पुकारायचं. तेव्हा काय डबे कोरे वाटायचे?"

"आमचं ठरलं नव्हतं."

"तुमचं ठरलं नव्हतं. आमचं अब्बा गेले त्याच दिवशी ठरलं."

मुश्ताक जागा झाला. "भाईजान, आधी पाणी तरी प्या."

"पाणी पितो. पण आज हे संपवू या. खलास. मी थकलो, मुश्ताक." तो खरंच थकलेला दिसत होता. पाण्याचा ग्लास एका दमात संपवून तो खुर्चीत बसला. "जावईबापू, मला तुमच्या आजोबांबद्दल काही वावगं बोलायचं नाही. पण तुम्ही हे नाव इंग्रजीत कसं लिहिणार? एच, ए, एम, आय, एस, एच. इथला अरब ते काय वाचणार? हामिश. आणि हामिश म्हणजे काय ठाऊक आहे? कागदाची कड. आपण ज्याला समास म्हणतो, जिथे काही लिहीत नाहीत, ती जागा. उद्या शाळेत पोरं म्हणतील, आला बघा समास."

सुमैय्याने हे थोडक्यात इंग्रजीतून सांगितलं. कलीमला मराठी समजायची थोडी, बोलता यायची त्याहून थोडी. त्याने मान हलवली. ही गोष्ट त्याला कामावरच्या एका सिरियन मित्राने आधीच सांगितली होती, असं तो म्हणाला, आणि ओशाळून हसला.

"नावाचं इथे काय घेऊन बसलात," मुश्ताक म्हणाला. "माझा फोरमन मला इतकी वर्षं 'मश्ताग' म्हणत आला. मी ओ देतोच."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"भाईजान, मी तुमच्याच बाजूने आहे. पण लेक माझी आहे."

"मग माझ्या बाजूने नाहीस."

किचनच्या दारातून खैरून म्हणाली, "पोर त्यांचं आहे, भाईजान. नाव आईबापांनी ठेवावं. मी तर पहिल्यापासून हेच म्हणते." पहिल्यापासून ती हेच म्हणत होती हे खरं, पण जेठांच्या तोंडावर आज पहिल्यांदाच. बोलून झाल्यावर ती पटकन पुन्हा आत गेली.

अलीमियाँने कपाळ चोळलं. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी दहा वर्षांचा होईपर्यंत अब्बांना किती वेळा पाहिलं, विचार आम्मीला. दोन वर्षांनी एकदा यायचे. मी त्यांना ओळखेपर्यंत सुट्टी संपायची. इथे आलो तो धंद्यासाठी नाही आलो मी. बाप इथे होता म्हणून आलो. आलो तेव्हा ते खाडीत टगबोटीवर ड्युटीला, मी शहरात, सतव्यातल्या खोलीत. तिथेही शुक्रवारीच भेट. त्या माणसाचं नाव या घरात कुणी तरी हाक मारून घ्यावं एवढंच मागतोय. ते जमणार नसेल तर सांगा. मी या घरी जेवायला येणार नाही. भांडून नाही सांगत. येणार नाही एवढंच."

मरियमबींनी थोरल्याकडे पाहिलं. हा धमकी देणारा नव्हता, म्हणूनच त्यांना ते खरं वाटलं. लहानपणी तो रुसला की दारामागे जाऊन नुसता उभा राहायचा, जेवायला बोलावलं तरी यायचा नाही, आणि कुणी ओढून आणलं नाही तर तसाच झोपायचा.

"आणि नाव काही ऐरंगैरं आहे का?" अलीमियाँ म्हणाला. "पैगंबराचं नाव आहे. यूसुफचा बाप. पोरासाठी रडून रडून ज्याचे डोळे पांढरे झाले तो."

कलीमने मान वर केली. "वेट," तो म्हणाला. "यूसुफ का अब्बा?"

मग तो सुमैय्याशी इंग्रजीतून भराभर बोलायला लागला. सुमैय्याने आधी "हो, हो, तेच" असं केलं, मग ती थांबली, आणि मग नवऱ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की खैरून डाव हातात घेऊन पुन्हा दारात आली.

"काय म्हणतो?" मुश्ताकने विचारलं.

"तो म्हणतो..." सुमैय्या गालिच्यावर टेकली. "तो म्हणतो, नाव एकच आहे."

"कसलं एकच?"

"याकूब आणि हेमिश. एकच नाव. थांबा, मला नीट सांगू दे, झोप नाही झालेली माझी." तिने नवऱ्याला विचारून विचारून सांगायला सुरुवात केली. "याकूब म्हणजे ख्रिश्चनांच्या पुस्तकातला जेकब. बरोबर? जेकबचं लॅटिनमध्ये झालं याकोबुस. ते बोलता बोलता लोकांनी बदललं, याकोमुस, आणि त्याचं इंग्रजीत झालं जेम्स. जेम्स आणि जेकब ही एकाच नावाची दोन रूपं. त्यांच्याकडे जेम्स नावाचा एक राजा होता. त्याला गादीवरून घालवलं, आणि त्याच्या बाजूने लढणाऱ्यांना लोक म्हणायला लागले जॅकोबाइट. जेम्सचे लोक, पण नाव जेकबवरून. शाळेत सगळे शिकतात म्हणे."

"आणि हेमिश?"

"ते त्यांच्या बेटावरचं. घरात ते इंग्रजी बोलत नाहीत, त्यांची जुनी भाषा आहे, गेलिक. त्या भाषेत जेम्सला म्हणतात शेमस. ह्याचे आजोबा कागदावर जेम्स, घरात शेमस."

"मग हेमिश कोण?" मुश्ताकने वैतागून विचारलं.

कलीमने बाळ सांभाळत दुसरा हात तोंडाशी नेला आणि हळूच, झोपमोड होऊ नये अशा आवाजात, लांबवर कुणाला तरी हाक मारल्यासारखं केलं. "अऽ हेमिश!"

"हाक मारताना त्यांच्याकडे नाव बदलतं," सुमैय्या म्हणाली. "नुसतं बोलायचं असलं तर शेमस. शेमस जेवला, शेमस झोपला. पण हाक मारायची तर 'श'चा 'ह' होतो आणि शेवटही बदलतो. अऽ हेमिश. बाहेरून आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना गेलिक यायची नाही. त्यांनी बायका पोरांना हाका मारताना ऐकल्या आणि त्यांना वाटलं, नावच ते. तेच लिहायला लागले. म्हणजे हेमिश हे मुळात नाव नाही. हाक आहे."

हे ऐकून मरियमबी दिवाणावर सावरून बसल्या. हाक मारली की नाव बदलतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. पण हॉलमध्ये तेवढ्यात पुन्हा आवाज वाढले होते.

"मग तर प्रश्नच मिटला," अलीमियाँ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा उजेड आला होता. "एकच नाव ना? मग याकूब ठेवा. तुमचे आजोबाही आले त्यात."

"एकच नाव असेल तर हेमिश ठेवू या," सुमैय्या म्हणाली. "तुमचे अब्बाही आले त्यात."

"अगं, मूळ कोणतं? मूळ ठेवायचं की फांदी?"

"भाईजान, तसं बघितलं तर तिचंही..." मुश्ताक चुळबुळला.

"आता मला पण वाटतं, याकूबच बरं," खैरून मध्येच म्हणाली. "एकच अर्थ असेल तर मग आपल्या कानाला लागतं ते ठेवावं. उगाच त्या समासाची कटकट नको."

"आम्मी!" सुमैय्याला रडू फुटायच्या बेतात होतं. "तू माझ्या बाजूने होतीस!"

"होते. पण आता कारणच राहिलं नाही ना."

"आणि मला आता वाटतं हेमिश चालेल," मुश्ताक म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याचा तोच दचकला.

कलीमने डोळे मिटून डोकं मागे सोफ्याला टेकवलं. त्याच्या हातावरचं पोर सुस्कारा सोडून पुन्हा झोपलं. एका पोरासाठी दोन नावं होती तेव्हा भांडण होतं, आणि दोन नावांचं एक झालं तरी भांडण संपेना.

"आम्मी." अलीमियाँ उठून दिवाणापाशी आला आणि आईच्या पायांशी खाली बसला. एवढा मोठा माणूस खाली बसताना गुडघ्यावर हात टेकवून कण्हला. "तू सांग. तू म्हणशील ते. कुणी एक शब्द पुढे काढायचा नाही."

मरियमबींना वाटलं, नको. नको ते माझ्यावर. इतकी वर्षं घर एकटीने ओढलं, सासू सांभाळली, दोन पोरं वाढवली, दर दोन वर्षांनी आलेल्या पाहुण्याला नवरा म्हणून ओळखायला शिकले, आता तरी मला नुसतं बसू द्या. पण थोरला पायांशी बसला होता.

"मला ते नाव घेता यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"तू डब्यावर छापून आणलंस ते."

अलीमियाँला समजेना. "अब्बांचं नाव आहे, आम्मी."

"त्यांचं आहे म्हणूनच. मी कधी घेतलं नाही ते. एकदाही नाही." त्या थोडं थांबल्या. "तुम्हाला काय, तुम्ही अब्बा म्हणायचात. मी अहो म्हणायचे. तुझ्याशी बोलताना 'तुझे अब्बा', ह्याच्याशी बोलताना 'ह्याचे अब्बा'. सरकारी हपिसात साहेब विचारायचा, नवऱ्याचं नाव काय, तर शेजारची जैबुन्निसा सोबत यायची ते सांगायला. आता नातू झाला तर त्या नावाने मी त्याला हाक कशी मारू? जीभच वळायची नाही. सगळं घर त्याला नावाने बोलावणार आणि मी एकटी 'ए बाळा, ए सोन्या' करत बसणार."

"दादी, पण ती जुनी रीत झाली," सुमैय्या हळूच म्हणाली. "आता कोण पाळतं?"

"आता कुणी पाळत नाही. तुझी आम्मी माझ्या मुलाला मुश्ताक, मुश्ताक करून ओरडते, मी कधी बोलले? पण मी आहे ना त्यातली. सत्तरीत जीभ बदलून मिळत नाही, पोरी."

खैरूनने डाव खाली ठेवला. अलीमियाँ आईकडे बघतच राहिला.

"तू तान्हा होतास," मरियमबी त्याला म्हणाल्या. "ते पहिल्यांदा इकडे निघाले तेव्हा. रत्नागिरीच्या बंदरावर. आगबोट लांब उभी राहायची, पडावातून माणसं न्यायचे. हे पडावात चढले आणि पाठ करून बसले. तू माझ्या कडेवर. मला वाटलं, एकदा वळून पोराकडे बघावं. आणखी काही नको होतं मला. सगळा धक्का ओरडत होता, ज्याचं त्याचं माणूस. मी हाक मारली, अहो! तर पाचसहा बाप्ये वळले. कुणाकुणाचे अहो. हे नाही वळले. पुन्हा मारली. मग तुझी दादी पुढे झाली, तिने त्यांना हाक मारली, आईच ती, नावाने मारली. नावाला तो शेवटी 'आ' लावतात ना आपल्यात लांबवून, तसा लावून. लगेच वळले. आईला हात केला. मी दुसऱ्या बाजूला उभी होते, तुला घेऊन. मी काय दिसले नाही त्या गर्दीत."

त्यांनी पदराने ओठ टिपले. आवाज सपाट होता, जुनी, वापरून विरलेली गोष्ट सांगावी तसा, फक्त ती आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

"मी त्यांच्यावर रागावले नव्हते. अजून नाही. पण हाक मारता यायला हवी होती."

सुमैय्या रडत होती आणि रडत रडतच नवऱ्याच्या कानाशी लागून सगळं सांगत होती. कलीम ऐकत राहिला. मग त्याने मोडक्या हिंदी-मराठीत विचारलं, "दादी, हेमिश बोल सकते?"

"तेच विचारायचं होतं मला," मरियमबी म्हणाल्या. "तू म्हणालास ते खरं ना? नाव तेच, पण नाव नाही. फक्त हाक."

"तेच," सुमैय्या म्हणाली. "तेच, दादी."

"मग ते मला घेता येईल."

अलीमियाँ उठला. खिडकीशी गेला, काचेला हात टेकून उभा राहिला. बाहेर एक विमान उतरत होतं. मुश्ताक उठून त्याच्याकडे जायला निघाला, पण मरियमबींनी त्याला मान हलवून थांबवलं. मग अलीमियाँ तोंड न वळवता म्हणाला, "डब्यांचं काय करायचं?"

कलीमने सुमैय्याला विचारून घेतलं आणि म्हणाला, "डिब्बा राइट है, बडे अब्बा. सेम नेम. कुछ गलत नहीं लिखा."

अलीमियाँ वळला. त्याने एक डबा उचलला, सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला. हसला नाही, पण खांदे थोडे सैल झाले. "वाटा मग," तो म्हणाला. "विचारलं कुणी, तर समजावून सांगायचं. आधी लॅटिन, मग इंग्रजी, मग ते तुमचं बेट. माझ्याच्याने व्हायचं नाही, मुश्ताक सांगेल." आणि खैरूनला म्हणाला, "सांदणं झाली असतील तर आण गं. सकाळपासून पोटात काही नाही."

असरनंतर न्हावी आला. पाकिस्तानी म्हातारा, हात हलका. त्याने जावळ काढलं तरी पोर जागं झालं नाही. केस तोलून तेवढी चांदी खैरात करायची म्हणून सुमैय्याने ते रुमालात गुंडाळले. मग नाव पुकारायची वेळ आली. तो मान घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचा. सगळे अलीमियाँकडे बघायला लागले.

त्याने बाळाला घेतलं, तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं, आणि तिथेच अडला. तो चालत दिवाणापाशी आला आणि पोर आईच्या मांडीवर ठेवलं.

"तू मार हाक," तो म्हणाला.

मरियमबींनी पोराला मांडीवर नीट घेतलं. पोर गोरं होतं, भुवया मात्र त्यांच्याच घराण्यातल्या, नाकावर जुळू पाहणाऱ्या. त्या भुवयांवरून त्यांनी बोट फिरवलं. जीभ टाळूला चिकटली होती. इतक्या वर्षांची सवय होती तिला. मग त्या वाकल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "हेमिश."

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. पोराने नुसतं तोंड हलवलं.

त्यांनी मान वर केली. आणखी एकदा म्हणून पाहिलं, जरा मोठ्याने. मग छाती भरून श्वास घेतला आणि धक्क्यावरून पडावापर्यंत पोचेल अशा आवाजात, शेवटाला लांबवत, त्या ओरडल्या, "हेमिशाऽऽ!"

पोर दचकून जागं झालं. न्हाव्याच्या हातून वाटी पडली. हात धुवायला आत गेलेली खैरून तशीच ओल्या हातांनी धावत बाहेर आली. "आम्मी! काय झालं?"

"काही नाही गं," मरियमबी म्हणाल्या. पोर डोळे उघडून सरळ त्यांच्याकडे बघत होतं. "हाक मारली."